होडीवरचं एरियल

माझं माहेर म्हसावदचं. बाप भोई, पण पाण्यावरचा भोई नही, भट्टीवरचा. चणे, मुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा, हे सगळं रेतीत भाजून बाजारात विकायचा, आन् आमच्या सगळ्या पोरांच्या अंगाले त्या तापल्या रेतीचा वास यायचा. माले पाणी माहीत ते विहिरीचं, फार तर नाल्याचं. आन् लगन करून दिलं ते कोठे, तर तापीच्या काठावर, प्रकाशा गावाच्या खालच्या अंगाले, तरीवर, म्हणजे होडीनं माणसं पार करतात त्या घाटावर. काय सांगू तुमले ताई, पहिल्या दिवशी होडीत बसवलं तर नवरीच्या शालूवरच ओकले मी. सासू हसून हसून वाकली, म्हणे ही काय होडी ओढी, ही ते बठी बठीच मरी ऱ्हायनी. तीच मी. पुढं अर्धं आयुष्य तार धरून काढलं. हा तळहात बघा, ही मधली रेघ नशिबाची नही, तारेची शे.

तुम्ही लोणखेड्याच्या कॉलेजातून आलात, तुम्ही मोटारीत बसून पुलावरून भुर्र गेलात असाल, तुमले तर काय असते ते कसं कळणार. तधळ पूल नव्हता. जिल्हा पण हा नव्हता, सगळं धुळ्यात. तापीचे काठ उंच, दरडी अशा की खाली उतरलं की गाव दिसायचं नही, वर फक्त आभाळाची पट्टी. पावसाळाभर तर बंद. दसरा झाला, पाणी निवळलं, की आबा तार बांधायचे. आबा म्हणजे माझा सासरा. तार म्हणजे लोखंडाची, वळलेली, मुठीत धरली तर मूठ भरायची, ह्या काठाच्या चिंचेपासून त्या काठाच्या लोखंडी खुंट्यापर्यंत. होडीची कडी त्या तारेत अडकवलेली असायची, आन् आपण होडीत उभं राहून दोन्ही हातांनी तार मागं ओढायची, तशी होडी पुढं जायची. माणसं, बैलगाडी, कापसाचे गठ्ठे, केळीचे घड, नवरदेव, बाळंतीण, सगळं त्याच तारेवर. तो खुंटा आबांनी स्वतः ठोकला होता, त्याच्यावर त्यांचा भारी जीव. सकाळी पहिल्या फेरीले पलीकडे पोचले की आधी खुंट्याले हात लावायचे, मंग तोंड धुवायचे.

आमचे हे थोरले, आन् धाकटा दीर नथ्थू. ह्यांचं नाव मी घेत नही, कधी घेतलं नही, एकदाच घेतलं ते पुढं सांगते. आमच्यात बाईनं नवऱ्याचं नाव तोंडात आणायचं नही, आन् नुसतं नाव नही, त्याच्यासारखा शब्द पण नही. हे होडीत रमले नही. रोज त्याच काठावरून त्याच काठावर जायचं, ह्याच्यात काय शे, असं म्हणायचे. विसरवाडीच्या नाक्यावर ट्रकवर क्लीनर म्हणून गेले, तिथं कोण्या ड्रायव्हरनं धुळ्याले भरतीत नेलं, छाती मोजली, पळवलं, आन् गेले पलटणीत. सुट्टीवर आले की बूट घालून होडीत उभे राहायचे आन् आबा म्हणायचे, बूट काढ, ही तुन्ही परेड नही. मी आतून खूश असायची, आता खोटं कशाले सांगू. लेकरू मात्र झालं नही तोपर्यंत. सासू त्या मधल्या काळात गेली. पुढचं बघायले नव्हती ते बरंच झालं.

आता रेडिओचं सांगते. तरीचा ठेका मगनदादाकडे होता. मगनदादा गुजर, त्यांचे केळीचे मोठे बाग, माणूस मनानं बरा पण दिखाऊ. वरच्या अंगाले दुसरी तर होती आन् बाजाराचे लोक तिकडेच वळायचे, तर दादांच्या डोक्यात आलं की आपल्या होडीवर रेडिओ लावायचा. गावात लाईट नव्हती, म्हणून बॅटरीवरचा रेडिओ. नंदुरबारच्या बोहरीभाईच्या दुकानातून आणला, होडीवर पत्र्याचं छप्पर केलं, त्याखाली लाकडाची पेटी ठोकली, कुलूप लावलं, आन् हार घालून चालू केला. निघाली नुसती खरखर. सगळा घाट हसला. मंग बोहरीभाई स्वतः आला, पायजमा वर करून होडीत चढला, म्हणे रेडिओले दोन गोष्टी लागतात, वर हवेत एरियल आन् खाली ओल्यात अर्थ, म्हणजे जमिनीत नही तर पाण्यात सोडायची तार. अर्थचं सोपं होतं, तांब्याचं एक पान तारेले बांधून नदीत सोडलं. आबा म्हणाले, लोक तापीमायले तांब्याचा पैसा वाहतात, आपण ताटच वाहिलं, देईल माय काहीतरी. एरियल मात्र दादांनी निवडलं ते चमकणारं, तांब्याच्या जाळीची पट्टी, दोन्ही टोकाले पांढरे चिनी मातीचे गट्टू. बोहरीभाई म्हणत होता की साधी लांब तार घ्या, पण दादा म्हणे लोकांनी लांबून बघितलं पाहिजे. जाळी छपराच्या वर टांगली. उन्हात झळकायची पण खरंच. गाणं लागायचं, धारेनं होडी तिरपी झाली की गाणं गायब. नथ्थू म्हणायचा, वहिनी, बाई पानीमा पडी गयी. आम्ही तार ओढून होडी सरळ केली की बाई पाण्यातून परत वर. लोक मात्र आमच्याच होडीत यायले लागले, हे मान्य करावं लागेल.

मंग ती चीनची लढाई लागली. दिवाळीच्या तोंडावर. रेडिओवर बातम्या लागल्या की होडीतले लोक गप्प बसायचे आन् मी तार ओढत असायची तरी कान तिकडे. आन् लढाई थांबली म्हणून सांगितल्यावर, थंडी पडायले लागल्यावर, घाटावर पोस्टमन आला. तार आली म्हणे. मी म्हटलं कसली तार, आमची तार तर ही काय समोर शे. त्यानं वाचून दाखवलं. बेपत्ता. आबांनी त्याले विचारलं, मन्हा आंडोर, मन्हा पोरगा, जित्ता शे का मरी गया, तेवढं सांग. तो म्हणे आबा, ह्याच्यात तसं लिहिलेलं नही. बेपत्ता म्हणजे बेपत्ता. आबा पुन्हा म्हणाले, तेवढं सांग. तो सायकल दरडीवरून ढकलत वर गेला.

ताई, मरण आलं तर माणूस रडून मोकळा होतो. हे तसं नव्हतं. कुंकू लावताना हात थांबायचा, लावू का नको. बाया बघायच्या कपाळाकडे, तोंडाकडे नही, कपाळाकडे. माझा बाप म्हसावदहून माले न्यायले आला, म्हणे पोर तरणी शे, लेकरू नही, मी घेऊन जातो, मंग बघू कुठं दुसरीकडे. आबा म्हणाले, घरनी सून घरमाच ऱ्हाई. आमच्यात पाट लावतात ना, नवरा गेला तर धाकट्या दिराशी. जातीचे पंच चिंचेखाली बसले आन् ठरवलं, होळीपर्यंत वाट बघू, नही काही कळलं तर नथ्थूशी पाट. माले कोणी विचारलं नही. नथ्थूले पण नही. नथ्थू चांगला पोरगा, माझ्यापेक्षा लहान, माले वहिनी वहिनी करणारा, त्या दिवसापासून तो माझ्याकडे पाठ करून तार ओढायले लागला. एकाच होडीत दोघं, एक ह्या टोकाले एक त्या टोकाले, आन् मध्ये सगळा घाट आमच्याकडे बघतोय. माले राग यायचा. पंचांचा यायचा, आबांचा यायचा, ह्यांचा पण यायचा, की एवढी मोठी नदी दारात असून तुम्ही मरायले बर्फात गेलात. आन् समजा पाट लागला आन् हे उद्या काठावर उभे राहिले तर? मी कोणाची बायको? हे कोणत्या घरात जाणार?  पंच म्हणे, बघू तधळ.

एक दिवस लोणखेड्याचे एक हवालदार होडीत बसले, पेन्शनवाले, नंदुरबारले कामाले चालले होते. त्यांनी माझं कपाळ बघितलं, नथ्थूकडून सगळं ऐकलं, आन् मंग हळूच म्हणाले, बाई, तिकडचं जे स्टेशन शे ना, त्या लोकांचं, ते संध्याकाळी हिंदीत बोलतात आन् कैद केलेल्या जवानांची नावं वाचतात. माझ्या हातातून तार सुटली. ते म्हणे पण लांबून येतं, आवाज बारीक असतो, आन् ते ऐकलेलं सरकारले चालेल का नही ते काही मी सांगत नही. त्यांनीच पेटी उघडून घेऊन काट्याच्या पट्टीवर खडूनं खूण करून दिली, ह्या जागेच्या आसपास शोधा.

पोलीस पाटलाच्या कानावर गेलंच. तो घाटावर येऊन बोलला, दुश्मनाचं स्टेशन गावात लागलं तर मी वर कळवीन. मगनदादा शूर नव्हते आन् भित्रे पण नव्हते. त्यांनी पेटीची किल्ली नथ्थूजवळ दिली आन् म्हणाले, शेवटची फेरी झाली की मी घरी जातो, मंग होडीवर काय होतं ते माले माहीत नही. म्हणून आम्ही मधल्या पात्रात जाऊन ऐकायचं ठरवलं. दिवेलागणीले घाट रिकामा झाला की आबा, नथ्थू आन् मी होडी मध्ये नेऊन उभी करायचो. तिथं गावाचा कान पोचत नव्हता.

पण ऐकू काय येणार! शिट्ट्या, फुरफुर, दुसऱ्याच भाषेतली भांडणं, आन् खडूच्या खुणेवर तर काहीच नही. त्या चमकत्या जाळीले मी इतक्या शिव्या दिल्या. मंग बाजाराच्या दिवशी नथ्थूले घेऊन मी स्वतः नंदुरबारले गेले, बोहरीभाईच्या दुकानात उभी राहिले. बाई एरियल घ्यायले आली म्हणून दुकानातले लोक बघायले लागले. त्यानं एकेक काढून दाखवलं, ही जाळी, हा घरावर लावायचा दांडा, ही तांब्याची तार. मी म्हटलं भाई, माले गाणं नको, माले लांबचं, बारीक, एका माणसाचं बोलणं ऐकायचं शे. त्यानं एकदम बाकीचं सगळं बाजूले सारलं. म्हणे मंग ही साधी तार घे. बहन, जितनी लंबी उतनी अच्छी, जितनी ऊंची उतनी अच्छी, आन् मध्ये कुठं जमिनीले टेकायले नको, टेकली की आवाज तिथून जमिनीत उतरून जातो. मी ते पाठ करत करत घरी आले.

होडीच्या दोन्ही टोकाले बांबू उभे केले आन् त्यांच्यावर ती तार ताणली. जाळी काढून ठेवली तर मगनदादा नाराज, म्हणे होडी आता धोबीघाट दिसते. दिसू दे. आवाज वाढला, खडूच्या खुणेवर कोणीतरी बोलतंय एवढं कळायले लागलं. पण काय बोलतंय ते नही. आन् बांबूचा त्रास वेगळाच, होडी हलली की बांबू आमच्या ओढायच्या तारेत अडकायचे. असंच एका संध्याकाळी वाऱ्यानं होडी गेली तिरपी, पुढचा बांबू वाकला, आन् आमची तांब्याची तार जाऊन त्या लोखंडी तारेवर पडली. आन् ताई, रेडिओ ओरडला. खरंच सांगते, माणूस ओरडतो तसा. हिंदीत, सहा का सात शब्द स्वच्छ. नथ्थूनं घाबरून तार सोडवली, आवाज परत गेला तळाले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, किती दिवसांनी त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. मंग मीच पुन्हा तांब्याची तार उचलून लोखंडी तारेवर ठेवली. आला आवाज. अख्ख्या नदीएवढं एरियल आमच्या हातात होतं आन् आम्ही रोज ते नुसतं ओढत होतो.

लोखंडी तारेले ग्रीस फासलेलं असायचं. मधल्या पात्रात एक हातभर जागा मी विटेच्या तुकड्यानं घासून चकचकीत केली आन् तांब्याचा आकडा करून तिथं अडकवला. जाळी आन् बांबू गेले. पण तरी आवाज पूर्ण भरत नव्हता, भोकाच्या मडक्यात पाणी ओतावं तसा यायचा आन् गळून जायचा. नावं वाचतायत ते कळायचं, नाव कळायचं नही. माझं डोकं फिरायची वेळ आली. आन् मंग एक दिवस सकाळी आबा खुंट्याले हात लावत होते ते माले दिसलं आन् बोहरीभाईचं बोलणं आठवलं, जमिनीले टेकायले नको. ह्या काठाले चिंच, लाकूड. त्या काठाले लोखंडाचा खुंटा, खोल जमिनीत. आवाज तिथं उतरत होता, आबांच्या खुंट्यात.

मी नथ्थूले सांगितलं, नथ्थू म्हणे वहिनी, आबाले तू सांग, माझी छाती नही. मी सांगितलं. खुंट्याच्या मागं कडुलिंब शे, तार तिथं बांधा. आबा असे चिडले की काय सांगू. म्हणे तार म्हणजे खेळणं वाटतं का, बाजाराची भरलेली होडी असते, लिंबाची साल सोलून तार घसरली तर बाया-लेकरं कुठं शोधू, हा खुंटा माझ्या हातचा शे, ह्यानं आजवर एक माणूस बुडू दिलेला नही. खोटं नव्हतं त्यांचं. तार सुटणं म्हणजे मरणच. पण माझं पण तोंड सुटलं. सासऱ्यासमोर मान वर करून बोलले नव्हते कधी, त्या दिवशी बोलले. आबा, तुमले आंडोर मरी गया हाई आयकनं शे का जित्ता शे हाई? होळी जवळ उनी. आबांनी पागोटं उचललं आन् वर गावात निघून गेले. दिवसभर तरीवर आले नही. मी समजले, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर आले तर पलीकडच्या काठावर आबा एकटेच, वरच्या तरीवरून गेलेले. जुनी गोणपाटं लिंबाले गुंडाळली होती, त्यावर लाकडाच्या फळ्या, त्यावर तार, पाचर मारून मारून बसवत होते. हातातून रक्त येत होतं. ओढून ओढून बघत होते, पुन्हा पाचर, पुन्हा ओढणं. आन् तिथं खुंटा रिकामा उभा. आम्ही रिकामी होडी घेऊन पलीकडे गेलो तशी आबा तीत चढले, सगळ्यात आधी स्वतः, मधल्या पात्रात नेऊन तारेले लोंबकळून बघितलं, मंग माझ्याकडे न बघता म्हणाले, खुंटा सोडी दिन्हा मी. आते आयक.

आता आवाज असा यायचा की वाचणारा शेजारी बसलाय. थंड आवाज, कोरडा. नंबर, हुद्दा, नाव. नंबर, हुद्दा, नाव. किती नावं ताई, कोण्या कोण्या मुलखाची, सिंग, राम, बहादूर, प्रत्येक नाव कोणाच्या तरी घरचं. आम्ही रोज जायचो आन् रोज काही नही. बॅटरी उतरायले लागली तसा आवाज बारीक व्हायले लागला, दिवसा मगनदादाच्या गाण्यांचा माले राग यायचा की माझं नाव खाऊन टाकतायत. आबा रोज खाली मान घालून बसायचे. पंचांचे निरोप यायले लागले की पाटाची साडी आणायची कधी.

त्या दिवशी वारा होता. नथ्थू पलीकडच्या टोकाले होडी धरून उभा, आबांना खोकला लागलेला, रात्रंदिवस पाण्यावर राहून तो खोकला जडला होता त्यांना. मी पेटीले कान लावून बसलेली. आन् आलं. वाचणाऱ्यानं वाचलं, पुढं गेला, पुढचा नंबर, पुढचं नाव.  मी म्हटलं, आलं. आबांचा खोकला थांबला. म्हणे कोणाचं? मी म्हटलं, ह्यांचं. आबा म्हणे, माले आयकू उनं नही. नथ्थू म्हणे, मालेबी नही. मंग आबा जवळ आले, दोन्ही हातांनी माझे दंड धरले, म्हणे काय बोलना तो? नाव सांग. माझं तोंड उघडेना. इतकी वर्षं ज्या शब्दावरून जीभ फिरवली नव्हती, वाटेत ठेच लागली तर मी धोंडा लागला म्हणायची, होडीच्या नांगराले पण धोंडा म्हणायची, सगळा घाट माझी चेष्टा करायचा. आबा पुन्हा म्हणाले, सांग माय. मी डोळे मिटले आन् बोलले. दगडू भोई. दगडू भोई बोलना तो, आबा.

एकदाच बोलले. नदीनं ऐकलं, सासऱ्यानं ऐकलं, दिरानं ऐकलं. आबांनी पुढं एक शब्द विचारला नही. पक्कं ऐकलं का, नंबर काय होता, काही नही. मी नाव घेतलं ह्याच्यावरच त्यांनी ओळखलं की ही खोटं बोलत नही. तारेवर डोकं टेकवून रडले. नथ्थू पण रडला, पण तो सुटल्यासारखा रडला, ते माले कळलं आन् त्याचं वाईट वाटलं नही.

पंच बसले. म्हणे कोणी ऐकलं? बाईनं ऐकलं असंल तर बाईले तर तेच ऐकायचं असतं. आबा उभे राहिले. म्हणाले, मी आयकं. मी सोता आयकं. पंच उठून गेले. आबा आयुष्यात खोटं बोलले ते तेवढंच असंल, आन् पुढं पुढं तर त्यांना खरंच वाटायले लागलं की आपणच ऐकलं, वाचणाऱ्याचा आवाज कसा होता ते पण लोकांना सांगायचे.

होळी गेली. पाट नही लागला. मी ठसठशीत कुंकू लावून तार ओढायची, बघा काय बघायचं ते. आन् वैशाखात, ऊन असं की तार पोळायची, पदर गुंडाळून ओढावी लागायची, पलीकडच्या काठावर एक माणूस उभा राहिला आन् हाक मारली, होडी लई याऽ. कोणतं गिऱ्हाईक अशी हाक मारतं तशीच. मी होडी नेली. अर्ध्या पात्रात आले तधळ ओळखलं. ताई, तिथून पुढं तार कोणी ओढली ते माले आठवत नही. पायात बूट नव्हते, फडकी गुंडाळलेली. बर्फानं पायाची बोटं खाल्लेली. तोंडावर हाडंच. मी पाया पडायले वाकले तर पायच दिसेनात फडक्यात. त्यांनी पाठवलेलं कार्ड मागाहून आलं, ते आमच्यात हसायले झालं, की माणूस पोचला आन् कार्ड अजून मनमाडले शे.

होडीत बसले. मी तार ओढत ओढत सगळं सांगत सुटले, रेडिओ, जाळी, बोहरीभाई, खुंटा, आन् म्हटलं ते नाव ऐकलं तधळ जीवात जीव आला की तुम्ही त्यांच्या कैदेत का होईना, पण जिवंत आहात. ते ऐकत राहिले. मंग म्हणाले, कोन कैदमा व्हतं? मी एक दिन बी कैदमा नव्हतू. ते डोंगरा-डोंगरातून चालत निघाले होते, भूतानकडून, कोण्या जंगलातल्या लोकांनी उचलून आणलं, आन् मंग आसामच्या दवाखान्यात तापात शुद्ध हरपून पडून राहिले. दुश्मनाच्या हाती लागलेच नही, दुश्मनानं त्यांना नाव विचारलंच नही. मी म्हटलं पण मी ऐकलं. ते म्हणाले, तू बरोबरच ऐकलं असशील. त्याच नावाचा दुसरा असंल.

होडी काठाले लागली तरी मी उतरले नही.

असलं नाव हौसेनं कोणी ठेवत नही. माझ्या सासूची आधीची दोन लेकरं गेली म्हणून तिनं ह्यांचं नाव तसं ठेवलं, की काळ आला तर म्हणेल, धोंडा शे, ह्याले काय न्यायचं. आपल्या खानदेशात अशा किती आया, आन् त्या नावाचे असे किती. त्या दुसऱ्याच्या आईनं पण आधीची लेकरं पुरलीच असतील. पुढं हवालदार भेटले तधळ मी विचारलं की त्या दुसऱ्याच्या घरी कळवता येईल का. ते म्हणे गाव माहीत नही, नंबर माहीत नही, कोणाले कळवू. खरं होतं. नंबर मी ऐकलाच नव्हता, मी फक्त माझं ऐकत होते.

आता पूल झाला, बॅरेज झालं, होडीची तर बंद झाली, तार भंगारात गेली. नथ्थूचं लगन झालं, त्याची नातवंडं माझ्याच अंगणात खेळतात. हे पंगू पायांनी बरीच वर्षं जगले, दोन पोरं झाली, गेले ते माझ्या मांडीवर गेले. माझी काही तक्रार नही. पण संध्याकाळी दिवा लावला की त्या दुसऱ्याची बायको मनात येते. तिच्या घरी कोणी तार ताणली असंल का? नसंल तर तिचा पाट लागला असंल, नही तर बांगड्या फोडल्या असतील, आन् तिचा माणूस तर जिवंत होता. माले माहीत होतं तो जिवंत होता. अख्ख्या खानदेशात ते फक्त माले माहीत होतं, आन् मी त्याच्यावर माझं कुंकू राखलं. जिथं असंल तिथं बाई, तुझा माणूस घरी आलेला असो.